फोटो कोण काढणार?



१२ जानेवारी जवळ आली की गटागटांत धांदल उडते. सिंदखेडराजाला कोण कोण येणार, गाडी किती वाजता निघणार, डबे कोण करणार, सगळं ठरतं. फोटो कोण काढणार हे मात्र ठरत नाही. सगळ्यांच्याच हातात मोबाइल आहे, निघतील की! मग घरी येऊन पाहावं तर पन्नास सेल्फी, आणि कार्यक्रमाचा धड फोटो एकही नाही.

आमचंही तसंच झालं. लखुजीराजे जाधवांच्या राजवाड्यात, जिथे १५९८ साली जिजाऊ जन्मल्या, तिथे सूर्योदयाला पूजा असते. आम्ही मध्यरात्री निघालो, जागाही पुढची मिळाली, आणि ऐन वेळी मोबाइल म्हणाला, जागा शिल्लक नाही. गुड मॉर्निंगची फुलं आणि बारशाचे व्हिडिओ यांनीच तो भरला होता. गर्दीत उभं राहून ते पुसत बसलो, तोवर पूजा आटोपली.

आता आम्ही आदल्या संध्याकाळीच बसतो. नको ते पुसायचं, चार्जिंग पूर्ण करायचं, पॉवर बँक पिशवीत टाकायची. कॅमेऱ्याची काच सुती पदराने पुसायची. पिठातेलाचे हात लागून फोटो धुरकट येतात आणि आपण मोबाइलला नावं ठेवतो. कार्यक्रम कोणत्या क्रमाने होणार तेही आधीच विचारून ठेवायचं. पूजा कुठे, मिरवणूक कुठून, भाषण कोणाचं हे माहीत असलं की आपण आधीच जागा धरतो. काम दोघींना द्यायचं. एक जवळचे फोटो काढते, दुसरी लांबून सगळ्या गर्दीचा. व्हिडिओ काढणारीने मोबाइल विमान मोडवर टाकावा, नाहीतर मधेच घरून फोन येतो, ‘दुधाचं काय करू?’

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी उजेड कमी असतो, मोबाइलला फोटो घ्यायला वेळ लागतो आणि हात जरासा हलला तरी चेहरे फिसकटतात. कोपरं बरगड्यांना टेकवा, खांबाचा आधार घ्या, श्वास रोखून बटण दाबा. फ्लॅश चार पावलांपलीकडे पोचत नाही आणि दिव्यांच्या फोटोची रया घालवतो, तो बंद ठेवा. दोन बोटांनी चित्र मोठं करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. दरवाजात उभ्या बाईच्या मागून ऊन येत असेल तर तिचा चेहरा काळा येतो. तिला वळवा, किंवा पडद्यावर तिच्या चेहऱ्याला बोट लावून उजेड वाढवा.

आता फोटोत कोण दिसतं ते पाहू. पाहुण्यांचा सत्कार, हार, नारळ, माइक, हे फोटो हमखास निघतात. पहाटे तीनला उठून स्वयंपाक केलेली ताई, सतरंज्या अंथरणाऱ्या बाया, स्टॉलवर पैसे मोजणारी गटाची कोषाध्यक्ष यांचे फोटो कोणी काढत नाही. वर्षाचा अहवाल करायला बसलो तेव्हा आमच्याकडे पाहुणेच पाहुणे होते. काम बायांचं, पण पुरावा काहीच नाही. म्हणून आम्ही ठरवलंय, एक फोटो पाहुण्याचा तर दोन काम करणाऱ्यांचे.

आणि फोटोखाली काढणारीचं नाव लिहायचं. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या मुंबईत शिकल्या, दिल्लीत काम केलं, स्वातंत्र्याच्या काळातले कितीतरी प्रसंग टिपले. त्यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले. पद्मविभूषण मिळालं ते २०११ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

पण फोटो काढण्याआधी विचारा. आमच्या एका ताईचा स्टॉलवरचा फोटो आम्ही कौतुकाने ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत तिच्या सासरी गेला. ती माहेरी जाते सांगून आली होती. त्यानंतर दोन महिने ती बैठकीला आली नाही. चूक आमची होती, आम्ही तिच्या घरी जाऊन माफी मागितली. आता निघतानाच गाडीत विचारतो, ‘कोणाचा फोटो नको?’ आणि लक्षात ठेवतो. लेकरांचा फोटो त्यांच्या आईला विचारल्याशिवाय नाहीच.

परत आल्यावर त्याच रात्री बसा. हललेले पुसा, वीसेक चांगले ठेवा, कोण, कुठे, कधी ते वहीत लिहा. आठवड्याने नावं आठवत नाहीत. अहवालासाठी पाठवताना व्हॉट्सॲपवर नुसता फोटो न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे छापताना फाटत नाही. एक प्रत दुसरीच्या मोबाइलमध्येही असू द्या.