धागा की तागा?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वयोवृद्ध यंत्रमाग कामगाराचे बोलणे मी शेडमध्येच ध्वनिमुद्रित केले. काका माग सोडून बाहेर यायला तयार नव्हते. घरी संगणकावर खडखडाट काढून टाकला आणि ऐकू आले, ‘तागा तुटला की माग थांबवायचा.’ तागा म्हणजे विणून झालेले अख्खे कापड, ते कसे तुटेल? काका ‘धागा’ म्हणाले होते. मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा लावले, तर त्या गोंगाटातही ‘धा’ ओळखू येत होता. स्वच्छ केलेल्या प्रतीतून मात्र तो गेला होता.

मी वापरलेली रीत जुनी, स्टीव्हन बोल यांनी १९७९ साली मांडलेली. आवाजाचे साधारण २५ मिलिसेकंदांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे, ते फूरिएच्या गणिताने काढायचे. माणूस गप्प असतानाच्या तुकड्यांवरून गोंगाटाची सरासरी धरायची आणि ती सगळीकडून वजा करायची. दुकानदार बारदानाचे वजन वजा करून धान्य मोजतो, तसेच हे. पंख्याच्या घरघरीला ही रीत चांगली लागू पडते, कारण ते बारदान बदलत नाही.

मागाचे तसे नाही. धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला ठोका बसतो. सरासरी ठोक्याच्या क्षणी कमी पडते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये जास्त होते. मग तिथे बोलणेच कापले जाते. उरलेले कण किणकिणत राहतात. त्याला ‘म्युझिकल नॉइज’ म्हणतात. संगीत त्यात काडीचे नाही!

कापले जाते ते नेमके काय, हा मराठीपुरता खरा प्रश्न. स्वर दणकट असतात, ते तगून राहतात. ‘स’, ‘श’ आणि महाप्राणातला ‘ह’कार हा मात्र मुळात वाऱ्याचाच आवाज, त्यामुळे गणिताला तो गोंगाटासारखा दिसतो. ‘ध’ ओळखायच्या खुणा दोन: आधीची खालच्या पट्टीतली गुंजन आणि नंतरचा श्वास. मोटारीची घरघरही त्याच खालच्या पट्टीत असते. तिच्याबरोबर गुंजन गेली, ठोक्यांच्या हिशेबात श्वास गेला आणि कानाला उरला ‘ता’. त, थ, द, ध अशी चौकडी इंग्रजीत नाही. तेव्हा इंग्रजी बोलण्यावर पारखलेल्या रीतीतली ही गळती तिकडच्या कानांना जाणवणार तरी कशी?

आता मी वजाबाकी अर्धवटच करतो, थोडा खडखडाट राहू देतो. दोन ठोक्यांमधल्या गोंगाटाचा अंदाज वेगळा धरतो. ‘धा’ बराचसा परत आला आहे. मूळ प्रत मात्र कधीच पुसत नाही.

दोन्ही प्रती काकांना ऐकवल्या. स्वच्छ प्रतीवर ते काही बोलले नाहीत. खडखडाटाची प्रत त्यांनी पुन्हा लावायला सांगितली आणि म्हणाले, ‘‘मागचा एक माग ठोका चुकतोय बघा.’’