झांझिबार : किल्ल्यातला पडदा

टांझानियाच्या किनाऱ्यासमोरच्या झांझिबारमध्ये दरवर्षी ‘झिफ’ हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. स्थापना १९९७, पहिला महोत्सव १९९८. मुख्य खेळ होतात ते स्टोन टाउनच्या जुन्या किल्ल्यात, उघड्या आभाळाखाली. पोर्तुगीजांना हुसकावल्यावर ओमानी अरबांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या किल्ल्याच्या आवारात आता दगडी पायऱ्यांचं खुलं प्रेक्षागृह आहे.

महोत्सव साधारण जून-जुलैत येतो, त्यामागे हवामान आहे. मार्च ते मे इथे धुवाधार पावसाचे; त्यानंतर आभाळ मोकळं होतं. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम सहा अंशांवर असल्याने बाराही महिने साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मग पडदा दिसण्यासाठी रात्र चढायची वाट पाहावी लागत नाही.

महोत्सवाची ओळख ‘धाऊंच्या देशांचा’ अशी आहे. धाऊ म्हणजे मोसमी वाऱ्यांवर चालणारी शिडाची गलबतं. त्यांनी पूर्व आफ्रिका, अरबस्तान, इराण आणि भारताचा पश्चिम किनारा शतकानुशतकं जोडून ठेवला. सर्वोच्च पुरस्कारही ‘गोल्डन धाऊ’च. आपला कोकणकिनारा याच समुद्राचा, त्यामुळे या महोत्सवाशी आपलं नातं केवळ पाहुण्याचं नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र गावोगाव फिरणारी शाखा. झांझिबारच्याच उंगुजा आणि पेंबा बेटांवरच्या खेड्यांत जाऊन तिथे चित्रपट दाखवले गेले. महोत्सव शहरातल्या पाहुण्यांपुरता उरू नये, यासाठी याहून चांगला उपाय नाही.