केशवराव जेधे यांची तीन स्थित्यंतरे

पश्चिम महाराष्ट्रातील काँग्रेस शहरी पांढरपेशांच्या हातून खेड्यातील शेतकरी जातींकडे कशी गेली, याचा शोध घेताना केशवराव मारुतराव जेधे (१८९६–१९५९) या नावापाशी थांबावेच लागते. ब्राह्मणेतर पक्षातून काँग्रेस, काँग्रेसमधून शेतकरी कामगार पक्ष आणि तेथून पुन्हा काँग्रेस असा त्यांचा प्रवास झाला. पक्षांतर या शब्दाला आज जो सत्तालोभाचा वास येतो, तो या प्रवासाला लावता येत नाही, कारण तीन वेळा पक्ष बदलूनही मंत्रिपद त्यांच्या वाट्याला कधी आले नाही. मात्र एवढ्यावरून तिन्ही निर्णय सारख्याच मोलाचे ठरत नाहीत.

जेधे घराणे मूळचे मावळातील कारीचे, शिवकालीन कान्होजी जेधे यांच्या वंशातले. पुण्यात या कुटुंबाचा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवसाय होता आणि शुक्रवार पेठेतील जेधे मॅन्शन हे त्यांचे घर १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीचे पुण्यातील केंद्र बनले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे पाठबळ आणि मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी ठेवलेल्या राखीव जागा यांतून ब्राह्मणेतर पक्ष उभा राहिला होता. भास्करराव जाधवांसारखे त्याचे ज्येष्ठ नेते सरकारशी सहकार्य करून शिक्षण व नोकऱ्या मिळवण्यावर भर देत. पुण्यातील तरुणांचा कल मात्र रस्त्यावरच्या लढ्याकडे होता. गणेशोत्सवात पदे गात फिरणाऱ्या पथकांना मेळे म्हणत. जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्याने टिळकपक्षीयांवर त्यांच्याच उत्सवात जाऊन तिखट टीका सुरू केली.

१९२५ हे या संघर्षाचे टोक होते. शहरात लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला होता. त्यानंतर नगरपालिकेत जेधे यांनी जोतीराव फुले यांच्या पुतळ्याचा आग्रह धरला आणि तो फेटाळला गेला. त्याच वर्षी टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर कठोर हल्ला करणारे जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ प्रसिद्ध झाले. प्रकाशक या नात्याने जेधे यांच्यावरही बदनामीचा खटला होऊन शिक्षा झाली, तेव्हा अपिलात आरोपींची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली व ते निर्दोष सुटले. पुढे १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देताना जेधे-जवळकरांनी त्यात ब्राह्मणांना घेऊ नये अशी अट घातली; आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण व्यक्तींना नाही, असे सांगून आंबेडकरांनी ती नाकारली. जेधे यांच्या त्या काळातील राजकारणाची मर्यादा या प्रसंगाइतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

अशी अट घालणारा नेता तीनच वर्षांनी, ब्राह्मण पुढाऱ्यांची संघटना म्हणून ज्या काँग्रेसवर त्याने झोड उठवली होती तिच्यातच दाखल झाला, यामागची कारणे नीट पाहायला हवीत. टिळकांनंतर काँग्रेसची सूत्रे गांधींकडे गेली होती. पुण्यातील जुने टिळकपक्षीयच गांधींच्या विरोधात उभे राहिल्याने ब्राह्मणेतर तरुणांना काँग्रेस परकी वाटेनाशी झाली. शिवाय सरकारनिष्ठेतून शेतसाऱ्याचा आणि कर्जाचा प्रश्न सुटत नाही, हा अनुभवही त्यांच्या गाठीशी होता. विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्या मराठा विचारवंताने १९३० च्या कायदेभंगात उडी घेतली होती. काकासाहेब गाडगीळ या ब्राह्मण काँग्रेस कार्यकर्त्याशी जेधे यांचे सख्य जमले आणि दोघांच्या जोडीने पुणे जिल्ह्यातील राजकारणाचा पोत बदलला. जेधे तुरुंगात गेले आणि १९३४ च्या निवडणुकीनंतर दोघेही मध्यवर्ती कायदेमंडळात काँग्रेसचे सदस्य म्हणून बसले. १९३६ च्या अखेरीस फैजपूर या खेड्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तोपर्यंत जेधे यांच्यामागोमाग बहुजन समाजातले, म्हणजे शेतकरी व कारागीर जातींतले, कार्यकर्ते मोठ्या संख्येने पक्षात आले होते. जेधे प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षही झाले. हे त्यांचे पहिले आणि सर्वांत फलदायी स्थित्यंतर.

दुसऱ्याचे बीज याच यशात होते. खेड्यांनी लढ्यात माणसे दिली, पण निर्णय घेणारे वर्तुळ शहरीच राहिले, अशी तक्रार वाढत गेली. युद्धकाळापासून शेतकऱ्याकडून ठरावीक भावाने सक्तीने धान्य वसूल केले जाई. लेव्ही नावाच्या या वसुलीने असंतोषात भर घातली. जेधे, शंकरराव मोरे आदींनी काँग्रेसमध्ये राहूनच संघटित गट उभारला आणि त्यातून १९४७-४८ मध्ये शेतकरी कामगार पक्ष आकाराला आला. पक्षात स्वतंत्र घटना असलेले गट चालणार नाहीत असा नियम काँग्रेसने १९४८ च्या आरंभी केल्यावर समाजवादी बाहेर पडले आणि जेधेही. कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण मात्र जवळचे सहकारी सोडून जात असतानाही काँग्रेसमध्येच राहिले. पुढील दशकाचे राजकारण या दोन निवडींतून घडले.

नव्या पक्षाने १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे मार्क्सवाद-लेनिनवादाचा स्वीकार करणारा प्रबंध मंजूर केला. फुल्यांच्या परंपरेतून आलेल्या आणि जमीन कसणाऱ्या मालक-शेतकऱ्याला राजकारणाचा कणा मानणाऱ्या जेधे यांना तो पचणे कठीणच होते. पक्षात फाटाफूट झाली, १९५२ च्या निवडणुकीत काँग्रेसला पर्याय उभा राहिला नाही आणि १९५४ मध्ये जेधे काँग्रेसमध्ये परतले. मोरेही त्या वाटेने गेले. हे तिसरे स्थित्यंतर सर्वांत दुबळे होते. १९३० मध्ये त्यांच्यामागे एक समाज चालत आला होता. १९५४ मध्ये पक्ष मागे राहिला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या, म्हणजे मराठी भाषिक राज्याच्या, लढ्यात तो संयुक्त महाराष्ट्र समिती या काँग्रेसविरोधी आघाडीचा आधारही बनला. भाषिक राज्याचा पुरस्कार करणारे जेधे त्याच वेळी विरुद्ध छावणीत होते, ही विसंगती त्यांच्या चाहत्यांनीही झाकू नये. १९५७ मध्ये समितीच्या लाटेतही ते बारामतीतून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. याचे श्रेय पक्षापेक्षा त्यांच्या व्यक्तिगत पुण्याईला अधिक द्यावे लागते.

१२ नोव्हेंबर १९५९ रोजी, महाराष्ट्र राज्य स्थापन होण्यापूर्वी सुमारे साडेपाच महिने, त्यांचे निधन झाले. बारामतीच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्याच घराण्यातील गुलाबराव जेधे यांना उभे केले. शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार होते वसंतराव पवार, आणि त्यांचे धाकटे बंधू शरद पवार काँग्रेसच्या प्रचारात होते. ती जागा काँग्रेसकडेच राहिली.