दाबाचं नाव, वाफेचं काम

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर वापरणाऱ्यांमध्ये अंडी उकडण्याची '५-५-५' ही कृती चांगलीच रुजली आहे. भांड्यात कपभर पाणी, त्यावर जाळी, जाळीवर अंडी. दाब तयार झाला की पाच मिनिटं शिजवायचं, पाच मिनिटं वाफ आपोआप जिरू द्यायची आणि झाकण उघडून अंडी पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात सोडायची. पाच त्रिक पंधरा. फक्त या हिशेबात पाणी तापून दाब तयार होईपर्यंतची मिनिटं कुणी धरत नाही. ती धरली, तर गॅसवरच्या साध्या पातेल्यातही अंडी तेवढ्याच वेळात होतात. म्हणजे हे यंत्र वेळ वाचवत नाही. तरी लोक त्यावर खूश असतात, कारण त्यातल्या अंड्याचं टरफल दोन-चार मोठ्या तुकड्यांत सुटून येतं. याचं श्रेय बहुतेक जण दाबाला देतात. माझ्या मते ते चुकीच्या खात्यात जमा होतं.

नुसत्या दाबानेही अंडं 'शिजतं', हे खरं आहे. पर्सी ब्रिजमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये अंड्यातला पांढरा भाग उष्णता न देता केवळ दाबून घट्ट करून दाखवला होता. उच्च दाबावरच्या संशोधनासाठी त्यांना पुढे १९४६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पण त्या प्रयोगात दाब होता हजारो वातावरणांइतका. आपल्या कुकरमध्ये तो असतो वातावरणाच्या दुपटीच्या आतबाहेर, आणि त्याने प्रथिनांच्या घड्या जराही उलगडत नाहीत. तो एकच काम करतो: पाण्याचा उत्कलनबिंदू वर ढकलतो. शिट्टीच्या कुकरमध्ये तो सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, तर इलेक्ट्रिक कुकरमध्ये दाब थोडा कमी ठेवलेला असल्याने ११५ ते ११८ अंशांपर्यंत.

आता अंड्याला यातलं किती हवं असतं? पांढऱ्या भागातली काही प्रथिनं साठ-बासष्ट अंशांनाच घट्ट होऊ लागतात. त्या भागातल्या एकूण प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त वाटा असलेलं ओव्हाल्ब्युमिन मात्र ऐंशी अंशांच्या पुढे जावं लागतं तेव्हा दाद देतं. बलक पासष्टच्या आसपास दाटतो आणि सत्तरीत घट्ट होतो. म्हणजे साध्या उकळत्या पाण्याचे शंभर अंशसुद्धा अंड्याच्या गरजेपेक्षा जास्तच आहेत. तुरीची डाळ किंवा राजमा यांची गोष्ट वेगळी. तिथे वरचे पंधरा-वीस अंश खरोखर कामाला येतात.

इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स विल्यम्स यांनी अंड्याचं वजन, त्याचं सुरुवातीचं तापमान आणि पाण्याचं तापमान यांवरून उकडण्याचा वेळ काढण्याचं एक सूत्र मांडलं आहे. अंडं म्हणजे बाहेरून आत तापत जाणारा गोळा, असं त्यात धरलेलं आहे. या सूत्रात शंभरऐवजी ११७ अंश घातले, की फ्रिजमधल्या अंड्याचा शिजण्याचा वेळ साधारण एक तृतीयांशाने घटतो. गंमत पुढे आहे. पाणी शंभर अंशांवरच ठेवून अंडं फ्रिजमधलं न घेता तीस अंशांचं, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेलं घेतलं, तरी वेळ पाव हिश्शाहून अधिक वाचतो. एवढं महागाचं यंत्र जे करतं त्याच्या जवळपास जाणारं काम अंडी आधी बाहेर काढून ठेवल्याने फुकटात होतं!

'५-५-५' जशीच्या तशी उचलणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींची अडचण इथेच होते. ही कृती अमेरिकेत लोकप्रिय झाली. तिथे अंडी धुऊन, थंड साखळीतून येतात आणि घरीही थेट फ्रिजमधून कुकरमध्ये जातात. आपल्या किराणा दुकानातला अंड्यांचा ट्रे काउंटरवर उघडा असतो, आणि त्यातलं अंडं अनेकदा आकारानेही लहान. कोपऱ्यावरून आणलेली अंडी तशीच लावली तर पाच मिनिटं जास्त होतात. तीन-साडेतीनपासून सुरुवात करावी आणि एक अंडं कापून पाहून मग आपल्या घरचा आकडा ठरवावा.

आता सोलण्याकडे येऊ, कारण खरा मुद्दा तो आहे. कवचाच्या आत एक पातळ पापुद्रा असतो. ताज्या अंड्याचं पांढरं शिजताना या पापुद्र्याला घट्ट धरतं, आणि सोलताना टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघतात. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून दिवसागणिक कार्बन डायऑक्साइड निसटतो, तसं पांढरं अधिक अल्कधर्मी होतं: ताज्या अंड्यात त्याचा सामू आठच्या खाली असतो, काही दिवसांत तो नवाच्या पुढे जातो. मग पापुद्र्याची पकड सैल होते. आठवडाभर जुनी अंडी सहज सोलली जातात ती यामुळे.

दुसरा उपाय आहे अंड्याला एकदम चटका देण्याचा. अंडं गार पाण्यात ठेवून हळूहळू तापवलं, की पांढरं सावकाश घट्ट होत पापुद्र्याला चिकटत जातं. तेच थेट उकळत्या पाण्यात सोडलं, तर बाहेरचा थर झटकन आवळतो आणि पापुद्र्यापासून सुटा राहतो. जे. केन्जी लोपेझ-आल्ट या अमेरिकी पाकलेखकाने शेकडो अंडी निरनिराळ्या पद्धतींनी उकडून आणि लोकांकडून सोलून घेऊन याची पडताळणी केली. गरम सुरुवात आणि वाफ या दोन गोष्टी त्यात उजव्या ठरल्या. पाण्यात मीठ, व्हिनेगर, सोडा वगैरे टाकण्याला फारसा अर्थ नाही.

कुकरमध्ये तर आपण गार पाणी ओतून सुरुवात करतो, मग गरम सुरुवात कशी होते? इथे जाळी मदतीला येते. खालचं पाणी तापत असताना वरची अंडी हवेत असतात, आणि हवा उष्णता पोहोचवण्यात फार आळशी. मग पाणी उकळतं आणि वाफेचा लोट थंड कवचावर आदळतो. एक ग्रॅम वाफ पाण्यात बदलताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडून देते. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला लागते त्याच्या पाचपटीहून ही अधिक. सगळी उष्णता जिथे वाफ थिजते तिथेच, म्हणजे कवचावर, उतरते. अंड्याला चटका बसतो तो असा. जाळी न लावता अंडी पाण्यात बुडवून ठेवली तर ती पाण्याबरोबर हळूहळू तापतात आणि यातला फायदा बराचसा निघून जातो. उलट, ढोकळ्याच्या किंवा इडलीच्या भांड्यात पाण्याला आधी उकळी आणून मग वर अंडी ठेवली आणि झाकण लावलं, तर दाबाशिवायही टरफल तसंच सुटतं. बारा मिनिटं पुरतात.

वाफ आपोआप जिरू द्यायची ती पाच मिनिटं मात्र फुकट नाहीत. कुकरमधल्या अंड्याचा बाहेरचा थर शंभर अंशांच्या वर गेलेला असतो, आणि दाबामुळेच त्यातलं पाणी उकळायचं थांबलेलं असतं. झडप एकदम उघडली की दाब कोसळतो, त्या पाण्याची जागच्या जागी वाफ होते आणि अंडं तडकतं. गॅसवरच्या कुकरमध्ये प्रत्येक शिट्टीला हेच थोड्या प्रमाणात घडतं. शिवाय खालचं पाणी खळबळून अंडी एकमेकांवर आपटतात ते वेगळंच. त्यात अंडी लावायचीच असतील तर दाब भरला की आच मंद करावी आणि शिट्टी होऊ देऊ नये. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की वजन उचलून वाफ सोडायची, ही कल्पना मुळात देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाची. १६७९ साली लंडनमध्ये हाडं मऊ करण्यासाठी त्याने बंद भांडं बनवलं आणि ते फुटू नये म्हणून तरफेवर वजन टांगलेली झडप बसवली. १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यांना याच भांड्यात शिजवलेलं जेवण त्याने वाढलं. आपली शिट्टी त्या झडपेच्या वंशातली.

बर्फाच्या पाण्याचं काम वेगळं. पांढऱ्यातल्या गंधकयुक्त प्रथिनांमधून हायड्रोजन सल्फाइड हा वायू सुटतो आणि तो बलकातल्या लोहाशी संयोग पावला की बलकाभोवती हिरवट-करडं कडं दिसतं. खायला ते निर्धोक आहे, पण वास आणि रंग दोन्ही उतरलेले. जास्त वेळ, जास्त तापमान आणि अल्कधर्मी पांढरं, तिन्हींमुळे ते वाढतं. पाहा, म्हणजे सोलायला सोपं म्हणून जुनं अंडं घ्यावं तर हिरवं कडं धरण्यात तेच पुढे! कुकरच्या वाढीव तापमानात तर ही शक्यता आणखी. म्हणून शिजवणं चटकन थांबवायला हवं, आणि नळाच्या कोमट पाण्याने ते साधत नाही.

हाफ बॉइल्ड अंडं मात्र या यंत्राकडून मागू नये. दाब तयार होण्याआधीच्या काळातही अंडं शिजतच असतं. तो काळ पाणी किती, ते किती गार, यांवर दर वेळी बदलतो. पूर्ण उकडलेल्या अंड्यात असा एका मिनिटाचा फरक खपून जातो, वाहत्या बलकात नाही. अगदीच नेमका बलक हवा असेल तर इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी २०२५ मध्ये रीत सांगितली आहे: अंडं दर दोन मिनिटांनी उकळत्या पाण्यातून तीस अंशांच्या पाण्यात आणि तिथून परत उकळत्यात. आतला बलक त्यामुळे ६७ अंशांच्या आसपास स्थिर राहतो आणि पांढरंही नीट शिजतं. वेळ लागतो बत्तीस मिनिटं, आणि तेवढा वेळ कुणीतरी चमचा घेऊन शेगडीपाशी उभं राहावं लागतं.