पक्षी पाळण्यापूर्वी कायदा, आयुर्मान आणि वेळ यांचा हिशेब आवश्यक

बंगळुरू : शहरातील सदनिकांमध्ये कुत्रा किंवा मांजर पाळण्यास जागा आणि वेळ अपुरा पडतो, म्हणून अनेक कुटुंबे पक्ष्याचा पर्याय निवडतात. पक्षी लहान असतो, पिंजऱ्यात मावतो आणि त्याला फिरवून आणावे लागत नाही, असा त्यामागचा समज असतो. प्रत्यक्षात पक्षी घेणे ही काही वर्षांची, तर काही प्रजातींच्या बाबतीत काही दशकांची जबाबदारी आहे. त्यामुळे पिंजरा विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टींचा हिशेब मांडणे आवश्यक ठरते : कायदा, पक्ष्याचे आयुर्मान आणि आपल्या हाताशी असलेला वेळ.

पहिला प्रश्न कायद्याचा. मराठी घरांत ‘मिठू’ किंवा ‘राघू’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेलेला हिरवा पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षित आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर त्याचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत असून, तो पकडणे, विकणे किंवा घरात बाळगणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मैना आणि मुनिया या देशी पक्ष्यांचा व्यापारही बेकायदा आहे. घरात असा पोपट आधीपासून असेल, तर त्याला खिडकीतून सोडून देणे हा उपाय नव्हे. माणसाच्या हातून वाढलेला पक्षी स्वतः अन्न शोधू शकत नाही आणि शिकाऱ्यापासून बचावही करू शकत नाही. अशा वेळी वन विभागाशी संपर्क साधणे योग्य.

विदेशी पक्षी पाळता येतात, मात्र त्यांतही भेद आहेत. बजरीगर, कॉकटील आणि पीच रंगाच्या चेहऱ्याचा लव्हबर्ड या प्रजाती अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत येत नाहीत. आफ्रिकन ग्रे, मकाऊ, सन कोन्युअर, तसेच फिशर लव्हबर्ड हे पक्षी त्या अनुसूचीत येतात. 2024 च्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची माहिती केंद्र सरकारच्या ‘परिवेश 2.0’ या संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवून नोंदणी करावी लागते.

बाजारात बजरीगरलाही सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हटले जाते. नावातील या गोंधळामुळे खरेदीदाराची अडचण होऊ शकते. म्हणून प्रजातीचे नेमके नाव विचारून पावतीवर लिहून घ्यावे. पक्षी विकणाऱ्या दुकानाकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी आहे का, हेही पाहावे. 2018 च्या नियमांनी ती बंधनकारक केली आहे.

दुसरा हिशेब आयुर्मानाचा. बजरीगर साधारण पाच ते दहा वर्षे जगतो, कॉकटील पंधरा ते वीस वर्षे. आफ्रिकन ग्रे चाळीस वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणजे तिशीतील व्यक्तीने घेतलेला हा पक्षी तिच्या निवृत्तीनंतरही घरात असेल. नोकरीनिमित्त शहर बदलणाऱ्या आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या बंगळुरूतील तरुणांनी हा विचार अधिक गांभीर्याने करायला हवा. नवख्या व्यक्तीसाठी बजरीगरची जोडी किंवा कॉकटील हाच सोयीचा प्रारंभ होय.

तिसरा हिशेब वेळेचा. पोपटवर्गातील पक्षी थव्याने राहतात. दिवसभर एकटा ठेवलेला पक्षी ओरडू लागतो किंवा स्वतःचीच पिसे उपटतो. त्याला रोज पिंजऱ्याबाहेर काही काळ, माणसाचा सहवास आणि रात्री दहा ते बारा तास शांत अंधार लागतो.

पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा असावा, कारण पक्षी आडवा उडतो. बजरीगरच्या जोडीसाठी सुमारे अडीच फूट लांबीचा पिंजरा हवा आणि गजांमधील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नसावे. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 नुसार गुन्हा आहे.

केवळ राळे आणि बाजरीवर ठेवलेल्या पक्ष्यात जीवनसत्त्व ‘अ’ची कमतरता निर्माण होते. त्यामुळे पालक, कोथिंबीर, गाजर यांचा आहारात समावेश असावा. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट आणि चहा-कॉफी पक्ष्यांना विषारी ठरतात. नॉनस्टिक भांडे अति तापल्यास निघणारा वायू काही मिनिटांत पक्ष्याचा जीव घेऊ शकतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघराजवळ ठेवू नये. पक्षी बाहेर सोडताना छताचा पंखा बंद असल्याची खात्री करावी.

पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो. पिसे फुगवून बसणे, खाणे कमी होणे, शेपटी सतत वरखाली हलणे ही लक्षणे दिसताच उपचार हवेत. सर्वच पशुवैद्यक पक्ष्यांवर उपचार करत नाहीत. त्यामुळे पक्ष्यांची माहिती असलेला डॉक्टर आधी शोधावा, पक्षी नंतर घरी आणावा.

या तिन्ही हिशेबांत कुठे उणे पडत असेल, तर गॅलरीत पाण्याचे उथळ भांडे ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्या पक्ष्यांचा सहवास अनुभवणे हा पर्याय खुला आहेच. त्याला ना पिंजरा लागतो, ना परवाना.