तिसऱ्या हाताचा खर्च

निवडणुकीत पैसा चालतो, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु तो कायद्याच्या कोणत्या फटीतून चालतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. प्रामाणिकपणाच्या आवाहनांनी ही फट बुजणार नाही. ती आधी नीट पाहिली पाहिजे. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातला एक खटला पुरेसा आहे.

१९९१ च्या लोकसभा निवडणुकीत अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मतदारसंघातून यशवंतराव गडाख निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी बाळासाहेब विखे पाटील यांनी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. आपल्या चारित्र्याविषयी प्रचारसभांतून खोटी विधाने केली गेली, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १९९३ साली उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे कायम केले. हा खटला दोन मातब्बरांची झुंज म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. वस्तुतः त्या निकालपत्रात खर्चाविषयी जे म्हटले आहे, ते आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. त्याचा आशय असा : मर्यादा आहे ती उमेदवाराने स्वतः केलेल्या वा संमती दिलेल्या खर्चाला, पक्षाने किंवा इतर कोणी केलेला खर्च कायद्याच्या जाळ्याबाहेर सुखरूप राहतो, तेव्हा ही मर्यादा म्हणजे निव्वळ धूळफेक होय.

ही फट कायद्यात कशी पडली? लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ नुसार उमेदवाराने खर्चाचा हिशेब ठेवायचा असतो, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खर्च हे कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचरण ठरते. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात ३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एखाद्या उमेदवारासाठी पक्षाने खर्च केला आणि त्याने तो जाणूनबुजून स्वीकारला, तर तो त्याच्याच खाती धरावा. सत्तेला हे परवडणारे नव्हते. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला व पुढे त्याचा कायदा झाला : पक्षाचा, मंडळाचा वा तिऱ्हाईताचा खर्च उमेदवाराचा मानू नये! नगरच्या निकालपत्राने बोट ठेवले ते नेमके याच तरतुदीवर.

२००३ साली ही तरतूद बदलली. आता पक्षनेत्यांच्या प्रचारदौऱ्याच्या प्रवासखर्चाला सूट आहे. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस नेते नेमता येतात. मात्र पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आजही मर्यादा नाही. आणि ‘हितचिंतक’? उमेदवाराच्या संमतीवाचून त्याच्यासाठी खर्च करणे हा गुन्हा आहे खरा, पण त्याला शिक्षा होती जास्तीत जास्त पाचशे रुपये दंड! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने हा दंड दहा हजारांपर्यंत नेला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत उमेदवाराची मर्यादा ९५ लाख होती. त्यापुढे दहा हजार म्हणजे गाडीभाडे.

अमेरिकेत या तिसऱ्या हाताला ‘राजकीय कृती समिती’ असे रीतसर नाव आहे. तिने नोंदणी करावी, देणगीदारांची नावे व खर्च जाहीर करावा, असा तेथील दंडक आहे. २०१० च्या न्यायनिर्णयानंतर स्वतंत्र खर्चाला तेथे मर्यादा उरली नाही, आणि नाव लपवण्याच्या वाटाही निघाल्या. तरीही तिथे तिसऱ्या हाताने नाव सांगावे अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे तो ‘सौजन्य’ म्हणून फलकावर झळकतो आणि हिशेबातून नाहीसा होतो. निवडणूक रोख्यांनी तर देणगीदाराचे नाव लपवणेच कायदेशीर केले होते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली.

आपला याच्याशी संबंध काय? शिर्डी लोकसभा आणि श्रीरामपूर विधानसभा हे जिल्ह्यातील मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. राखीव जागेमुळे उमेदवार कोणत्या समाजाचा असावा हे ठरते; त्याच्यामागे पैसा कोणाचा असावा हे ठरत नाही. अनामत रक्कम निम्मी केली म्हणून वाहने, मंडप, फलक निम्म्या दरात मिळत नाहीत. ज्याच्या पैशावर माणूस निवडून येतो, त्याच्याविरुद्ध गायरानाच्या किंवा अत्याचाराच्या प्रश्नावर तो सभागृहात उभा राहील काय? राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. एका मताचे एक मूल्य खर्चाच्या या न दिसणाऱ्या रकान्यात हरवते.

हाती साधन अगदीच नाही असे नव्हे. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यावा लागतो. १९६१ च्या नियमांतील नियम ८८ प्रमाणे एक रुपया शुल्क भरून कोणालाही तो पाहता येतो व प्रतही मागता येते. निवडणूक याचिकेची मुदत पंचेचाळीस दिवसांची असते आणि ती साधा मतदारही करू शकतो. म्हणजे शेवटच्या दिवशी हिशेब आला, तर आपल्या हाती उरतात पंधरा दिवस. तेवढ्यात पुरावा गोळा होत नाही. तो प्रचाराच्या काळातच, तारीखवार, फलक मोजून आणि गाड्यांचे नंबर टिपून ठेवावा लागतो. महाविद्यालयातील चार विद्यार्थी आणि एक वही एवढ्याने हे काम सुरू होऊ शकते. सभेत घोषणा देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. हिशेब वाचणारे आता तयार झाले पाहिजेत.