‘रेगाटा’ म्हणजे नेमकं काय? होड्यांच्या शर्यतीला हे नाव आलं कुठून?

पंढरपूर : पुण्याच्या बातम्यांत अधूनमधून ‘रेगाटा’ हा शब्द येतो. चंद्रभागेकाठच्या माणसाला होडी नवी नाही, पण हा शब्द काही ओळखीचा वाटत नाही. रेगाटा म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा मेळा. एकाच दिवशी, एकाच पाण्यावर बऱ्याच शर्यती होतात आणि काठावर बघ्यांची गर्दी असते.

व्हेनिसची बोली

शब्द मूळचा इटलीतल्या व्हेनिसचा. हे शहर पाण्यावर वसलेलं. तिथं जागोजागी कालवे आहेत आणि ये-जा करायला होडीचा वापर. तिथल्या बोलीत रेगाटा म्हणजे चढाओढ. पुढं इंग्रजांनी तो उचलला. १७७५ मध्ये लंडनला थेम्स नदीवर या नावानं शर्यती झाल्या. इंग्रजी शब्दाबरोबर तो आपल्याकडं आला.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ चा. तिथले विद्यार्थी मुठा नदीवर रेगाटा भरवतात. हीच मुठा पुढं मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीतून पंढरपुरात येऊन चंद्रभागा होते.

आपले शब्द

सांगलीत कृष्णेवर चुरस होते, तिला लोक सरळ ‘होड्यांच्या शर्यती’ म्हणतात. ‘शर्यत’ हा शब्द अरबी ‘शर्त’वरून आला. शर्त म्हणजे अट. बैलगाडा असो की होडी, कुठून सुटायचं, कुठवर जायचं, हे आधी ठरतं, मगच शर्यत सुटते. जुन्या मराठीत पैजेला ‘होड’ही म्हणत. होड आणि होडी कानाला सारखे वाटले, तरी अर्थ वेगळे.

अट प्रवासातही हवी

शर्यतीत हरलं तर बक्षीस जातं. प्रवासाच्या होडीत अट मोडली तर जीव जातो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण बुडाले.

वारीच्या गर्दीत होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्यावं. जादा माणसं भरली असतील तर खुशाल उतरावं. वारा सुटला, पाणी वाढलं तर थांबावं. दुसऱ्या होडीच्या पुढं काढण्यासाठी नावाड्याला भरीस घालू नये. चढाओढ रेगाट्यात शोभते, माणसं भरलेल्या होडीत नाही.